कप्पा नसलेल्या मशीनमध्ये सॉफ्टनर

सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनला सॉफ्टनरचा (कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा) कप्पा नसतो, म्हणून पावडरीबरोबरच टोपणभर ओतलं तर दोन्ही वाया जातात. पावडर ऋणभारित, सॉफ्टनर धनभारित. एकत्र आले की चिकट साका होऊन कपड्यांवर बसतो. आधी फेस जाईपर्यंत कपडे खळबळा. पुण्यात वाघोलीकडे बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर दोनदा. मग टबात स्वच्छ पाणी भरून, 6 किलो कपड्यांना साधारण 30 मिली सॉफ्टनर मगभर पाण्यात कालवून घाला. 3 मिनिटं फिरवा आणि पुन्हा न खळबळता थेट ड्रायरला लावा. नुसतं कपड्यावर ओतलं की तेलकट डाग पडतो. ओल्यावरच साबणाची वडी चोळली तर बहुधा निघतो. टॉवेल मात्र वगळा, पाणी टिपेनासे होतात.