तलावाकाठच्या घरातील सांडपाण्याची व्यवस्था
सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाकाठी सांडपाणी उघड्यावर सोडल्यास त्यातील नत्र व स्फुरद तलावात उतरून शेवाळ आणि जलपर्णी फोफावते. म्हणून न्हाणी-मोरीचे पाणी आधी कर्दळीच्या वाफ्यातून न्यावे. मोरीबाहेर तेलकट साय अडवणारी लहान टाकी बांधून ती दर आठवड्याला साफ करावी, कारण वाफे तुंबतात ते बहुधा याच कामाच्या आळसामुळे. वाफ्याला अस्तर देऊन सुमारे ६० सेंटिमीटर खडी भरावी आणि पाण्याची पातळी खडीच्या वरच्या पृष्ठभागापासून चार बोटे खाली ठेवावी, म्हणजे डास होत नाहीत. आपल्याकडच्या काळ्या चिकण जमिनीत शोषखड्ड्यातले पाणी लवकर मुरत नाही. तेव्हा वाफ्यातून निघालेले पाणी परसातल्या झाडांनाच द्यावे. संडासाची जोडणी मात्र या वाफ्याला मुळीच करू नये.