फ्लॅट एजंटमार्फत विकावा की स्वतः? या चुका टाळा

महाराष्ट्रात जुना फ्लॅट विकायला काढणारे बहुतेक जण सर्वांत आधी दलालीचा हिशेब मांडतात. विक्रेत्याकडून साधारणपणे एक ते दोन टक्के दलाली घेतली जाते. म्हणजे ८० लाखांच्या व्यवहारात ८० हजार ते १ लाख ६० हजार रुपये. एवढ्याच आकड्यावरून निर्णय घेणे ही पहिली चूक आहे, कारण आधी पाहायला हवी ती कागदपत्रांची अवस्था.

सोसायटीने दिलेल्या शेअर दाखल्याची (शेअर सर्टिफिकेटची) मागची बाजू उलटून पाहावी. प्रत्येक हस्तांतराची नोंद तिथे तारखेसह असते आणि शेवटचे नाव आपलेच असायला हवे. फ्लॅट वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर केवळ नामनिर्देशन आहे म्हणून तो विकता येईल असे समजू नये. नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही, इतर वारसांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र (आपला हिस्सा सोडत असल्याचा दस्त) किंवा करारात त्यांची संमती लागते. असा गुंता एजंट सोडवून देईल ही अपेक्षा चुकीची आहे. ते काम वकिलाचे आहे आणि ते ग्राहक शोधण्यापूर्वीच उरकावे.

स्वतः विकणाऱ्यांची मोठी चूक भाव ठरवताना होते. शेजाऱ्याने सांगितलेला आकडा ही त्याची अपेक्षा असते. प्रत्यक्ष व्यवहार किती रकमेला झाला हे नोंदणी कार्यालयाच्या सूची क्रमांक २ (इंडेक्स टू) या उताऱ्यावर दिसते. त्याबरोबर रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला, दरही पाहावा. समजा, सौदा ८० लाखांना ठरला आणि सरकारी मूल्यांकन ९० लाख निघाले, तर फरक आयकर कायद्यातील दहा टक्क्यांच्या मर्यादेहून जास्त होतो. मग विक्रेत्याचा भांडवली नफा ९० लाखांवर मोजला जातो आणि खरेदीदाराच्या उत्पन्नातही फरकाची रक्कम धरली जाते. हे ऐन नोंदणीच्या वेळी कळले की ठरलेले सौदे मोडतात.

टोकन, म्हणजे सौदा पक्का करण्यासाठीची आगाऊ रक्कम, रोख घेणे तर कटाक्षाने टाळावे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रोख रक्कम स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. रक्कम बँकेतूनच घ्यावी, आणि सौदा फिसकटल्यास ती परत करायची की नाही, हे विसार पावतीत (आगाऊ रकमेच्या पावतीत) स्पष्ट लिहावे.

एजंट नेमणाऱ्यांच्या चुका वेगळ्या आहेत. एकच फ्लॅट पाच एजंटांकडे दिला की तो पाच वेगवेगळ्या भावांनी जाहिरातीत झळकतो आणि ग्राहकाला त्यात काहीतरी खोट असल्याचा संशय येतो. त्यापेक्षा एक-दोघांनाच काम द्यावे आणि दलाली किती, ती कधी द्यायची, तिच्यावर जीएसटी लागणार का, हे लेखी ठरवावे. एजंटने आणलेल्या ग्राहकाशी परस्पर व्यवहार उरकून दलाली बुडवणे मात्र सरळसरळ अन्याय आहे, आणि वादही ओढवून घेणारे आहे.

माझ्या मते, कागदपत्रे स्वच्छ असतील, आपण त्याच गावात राहत असू आणि सोसायटीतलाच कुणी इच्छुक असेल, तर स्वतः विकण्यात काहीच अडचण नाही. वकिलाचे शुल्क मात्र वाचवू नये. विक्रेता परगावी किंवा परदेशी असेल, तर दर रविवारी दार उघडून घर दाखवायला चांगला एजंट हवाच. व्यवहार कोणत्याही मार्गाने झाला, तरी खरेदीदाराच्या बँकेकडून येणारा कर्जाच्या रकमेचा शेवटचा हप्ता आपल्या खात्यात जमा होईपर्यंत ताबा देऊ नये.