नाउमेद करणाऱ्यांशी कसे वागावे आणि दुसऱ्याला धीर कसा द्यावा

नवे काही सुरू करताना कोणी ‘हे तुला जमणार नाही’ असे म्हटले, तर त्या बोलण्यात माहिती आहे की नुसती भीती, हे आधी तपासावे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत छोटे वर्कशॉप काढू पाहणाऱ्या तरुणाला काका ‘पैसे बुडतील’ म्हणाले, तर त्याने वाद न घालता ‘काका, नेमके कुठे अडेल असे तुम्हाला वाटते?’ एवढेच विचारावे. उत्तरात भांडवल, वीजबिल, थकलेली उधारी असे काही ठोस निघाले, तर ते लिहून घ्यावे, कारण तो विरोध नसून सल्ला असतो. काहीच निघाले नाही, तर विषय आदराने बदलावा आणि काम उभे राहीपर्यंत पुढचे बेत त्यांच्यापाशी बोलू नयेत. नाते मात्र तोडू नये.

धीर देणे याहून अवघड आहे, असे मला मनापासून वाटते, कारण त्यात स्वतःचे काहीतरी द्यावे लागते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी खाशाबा जाधवांना पैसे कमी पडत होते, तेव्हा कोल्हापुरातील राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून रक्कम उभी केली, आणि खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. एवढे प्रत्येकाला शक्य नसते. तरीही ‘छान’ म्हणून थांबण्याऐवजी, समोरच्याने नेमके काय चांगले केले ते चारचौघांत सांगावे, आणि जमल्यास त्याला पहिले गिऱ्हाईक मिळवून द्यावे.