बॅगेत काय भरायचं आणि काय शिकून जायचं

गेल्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हाक मारली. त्यांचा मुलगा पुढच्या महिन्यात नोकरीसाठी जर्मनीत, श्टुटगार्टला चाललाय. मी तिथे २०१८ ते २०२३ नोकरी करून ठाण्याला नौपाड्यात परत आले, म्हणून बॅग बघायला बोलावलं होतं. हॉलभर सामान पसरलेलं. जांभळी नाक्यावरून आणलेला मसाला, पाच किलो तूरडाळ, चिवड्याचे डबे आणि मधोमध किलोभर साजूक तूप, तीन पिशव्यांत गुंडाळलेलं. "पहिले दोन महिने तरी पोराच्या जेवणाचे हाल नकोत गं," काकू म्हणाल्या.

माझ्या आईनेही असंच भरलं होतं, त्यामुळे त्यांचा जीव कुठे अडकलाय ते मला कळत होतं. तरी तूप आधी बाजूला काढायला लावलं. युरोपीय संघाबाहेरून जाणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. तूप, पेढे, खवा सगळं त्यात आलं. शिवाय तिथल्या कुठल्याही दुकानात बुटरश्माल्त्स मिळतं, ते म्हणजे कढवलेलं लोणीच. आपल्या तुपासारखा रवाळपणा नसतो, पण गरम वरणावर घातलं की जिभेला ओळख पटते.

राहिली डाळ. पाच किलो किती दिवस पुरणार? नेलेलं सामान संपतं आणि मग खरा प्रश्न सुरू होतो. म्हणून मी त्या मुलाला म्हटलं, वजन कमी कर आणि जायच्या आधी चार गोष्टी स्वतःच्या हाताने करायला शीक: भात, आमटी, एखादी भाजी, पोळी. मी हे न शिकता गेले होते.

मी ऑक्टोबरात पोचले. त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि आपल्याशी असलेलं साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. डिसेंबरात सकाळी आठनंतर उजाडतं आणि साडेचारच्या सुमारास अंधार. मी तीन आठवडे ब्रेड, चीज आणि केळी यांवर काढले. ऑफिसात डोकं चालेना, साध्या मीटिंगनंतर रडू यायचं. मला वाटलं, हे काम आपल्याला झेपणारं नाही. मग एका शनिवारी कुकर काढला, वरणभात लावला, वरून हिंग-मोहरीची फोडणी दिली. ती तडतडली तेव्हा मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले, आणि पोटभर जेवून रात्री दहा तास झोपले. सोमवारी काम तेवढंच अवघड होतं, पण मी करू शकत होते. नवीन माणसाला म्हणून पहिल्यांदा हेच सांगते: पोटाची सोय लावा, मग स्वतःच्या लायकीबद्दल निष्कर्ष काढा.

कुकर न्या, पण घरात इंडक्शन शेगडी आहे का ते आधी विचारा. त्यावर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, बूड इंडक्शनचं लागतं. सोबत दोन जास्तीच्या रिंगा आणि शिट्टी ठेवा. हिंग, गोडा मसाला, आमसुलं एवढं घरून न्या. तूरडाळ भारतीय दुकानात मिळते. कोथिंबीर, भेंडी बहुतेक तुर्की दुकानांत.

पोळ्यांना मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिथे पिठाच्या पुड्यावर आकडा असतो, ४०५, ५५०, १०५०. शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते तो हा आकडा. जितका मोठा, तितका कोंड्याचा अंश जास्त. ४०५ म्हणजे जवळपास मैदा. त्याच्या पोळ्या रबरासारख्या ओढल्या जातात. पूर्ण गव्हाचं पीठ घेतलं तर कडा फाटतात. शेवटी १०५०मध्ये थोडं ४०५ मिसळून, कोमट पाण्याने भिजवून अर्धा तास झाकून ठेवायला लागले, आणि डब्यात दुपारपर्यंत मऊ राहणारी पोळी जमली.

तिथे क्वार्क नावाचा दुधाचा पदार्थ मिळतो, घट्ट पण थोडा ओलसर. डब्यावर ४० टक्के फॅट लिहिलेला घ्या आणि रात्रभर फडक्यात टांगून ठेवा. सकाळी चक्का तयार. पाडव्याला मी त्याचं वेलची-केशराचं श्रीखंड ऑफिसात नेलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा सहकारी दोनदा वाटी घेऊन आला. ज्या क्वार्कशी तो लहानपणापासून खेळला, त्याचं हे रूप त्याने पाहिलंच नव्हतं.

दुपारी डबा घेऊन एकटं बसू नका. कॅन्टीनमध्ये सगळ्यांसोबत बसा, हे मी फार कळकळीने सांगते. श्टुटगार्टच्या भागात मसूर आणि श्पेट्झले नावाच्या अंड्याच्या शेवया एकत्र वाढतात, वर थोडं व्हिनेगर आणि बाजूला सॉसेज. मसुरीत बऱ्याचदा डुकराचं मांस घालून शिजवतात, तेव्हा शाकाहारी असाल तर विचारूनच घ्या. बिनमांसाची मिळाली तर ती आंबट आमटीच आहे. चॉकलेट-गोळ्यांच्या पुड्यावर गेलाटिने (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेलं जिलेटिन) हा शब्दही बघत जा.

रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारीच बाजार करायचा. रविवार शांततेचाही असतो, ते मला माहीत नव्हतं. एका रविवारी सकाळी चटणीसाठी मिक्सर लावला आणि दारावरची बेल वाजली. खालच्या आजी होत्या. रागावल्या नाहीत, नुसतं मिक्सरकडे बोट दाखवलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवरच्या रविवारावर. मी माफी मागितली आणि वाटीभर चटणी दिली. पुढच्या आठवड्यात आमच्या दारावर एक लाकडी पाटी लटकली, केरवोख. म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. आजींनीच झाडू हातात धरून कुठून कुठपर्यंत ते दाखवलं. नंतर दर पाळीला मी जिना झाडताना त्या दार उघडून दोन वाक्यं बोलायच्या. माझं निम्मं जर्मन त्या पायऱ्यांवर झालं.

कागदपत्रांचं थोडक्यात. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवा. आणि त्याच दिवशी बेलवर आणि पत्रपेटीवर तुमचं नाव लावा. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. कर क्रमांकाचं पत्र परत गेलं, ऑफिसला क्रमांक देता आला नाही आणि पहिल्या पगारातून सर्वांत चढ्या, सहाव्या कर-वर्गाने कर कापला गेला. पुढे पैसे मिळाले, पण तो महिना घरभाडं भरून फार ओढाताणीचा गेला. त्या मुलाने हे वहीत लिहून घेतलं, आडनाव मोठ्या अक्षरात छापून चार चिकटपट्ट्याही करून ठेवल्यात.

परवा त्याने पहिल्यांदा आमटी केली. फोडणी जळली, मीठ जास्त पडलं. काकू उठून दुसरी करायला निघाल्या, तर त्याने त्यांना बसवलं आणि डाळ पुन्हा कुकरला लावली.