जाहिरातीतली सुविधा फोनमध्ये आलीच नाही, तर काय करावे?

ज्या सुविधेसाठी फोन घेतला, तीच ‘पुढच्या अपडेटमध्ये’ म्हणून महिनोन्महिने लांबत राहिली, तर होणारा संताप रास्त आहे. मात्र तक्रार टिकते ती पुराव्यावर. अ‍ॅपलने जून २०२४ मध्ये सिरी या आपल्या आवाजी सहाय्यकाच्या अधिक वैयक्तिक क्षमता जाहीर केल्या, मार्च २०२५ मध्ये त्या लांबणीवर टाकल्या आणि त्यांची जाहिरातही मागे घेतली. जाहिरात अशी नाहीशी होऊ शकते, म्हणून खरेदीच्याच दिवशी उत्पादनाच्या पानाचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्यावेत आणि त्यांत तळाच्या बारीक अक्षरांतील टिपाही याव्यात, कारण ‘निवडक भाषांत’, ‘निवडक प्रदेशांत’, ‘नंतर उपलब्ध’ या अटी बहुधा तिथेच असतात. पान बदलले असल्यास वेबॅक मशीन या जुनी वेबपाने जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर जुनी प्रत शोधून पाहावी.

सेटिंग्जमधून मॉडेल क्रमांक आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती टिपून घ्यावी. एकाच नावाचे फोन प्रदेशानुसार वेगळे असू शकतात.

तक्रार लेखीच करावी. कोणती सुविधा, कोणत्या तारखेच्या जाहिरातीत, कोणत्या शब्दांत सांगितली होती आणि आज फोनवर नेमके काय दिसते, हे मोजक्या वाक्यांत लिहून परतावा, बदली किंवा भरपाई यांपैकी एकच मागणी ठामपणे मांडावी, उत्तरासाठी मुदत द्यावी आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. ‘अपडेट येईल’ या आश्वासनावर विसंबून फोन परत करण्याची मुदत मात्र कधीही हातची घालवू नये.