चेतासंस्था शिकताय? सुरुवात उभं राहण्यापासून करा

फिजिऑलॉजीच्या पुस्तकात चेतासंस्थेचं प्रकरण बहुधा न्यूरॉनच्या चित्राने सुरू होतं. मग आयन, मग सिनॅप्स (दोन न्यूरॉनमधला सांधा), मग मेरुरज्जूतले मार्ग, आणि अगदी शेवटी स्वायत्त चेतासंस्था, म्हणजे हृदय-रक्तवाहिन्यांसारखी आपोआप चालणारी कामं सांभाळणारा भाग. नव्या मुलांचा दम मार्गांपाशीच संपतो. पहिल्या वर्षाच्या मुलांची उजळणी घेताना मी हा क्रम उलटा केला. शरीर काय सांभाळतंय हे आधी बघायचं, कसं सांभाळतंय हे नंतर, आणि आयन सगळ्यात शेवटी. परीक्षेला हे चालतं का, असं हमखास विचारतात. चालतं, कारण समजलेलं पाठ करायला वेळ कमी लागतो.

पहिला धडा उभं राहण्याचा. आडवा पडलेला माणूस उठून उभा राहिला की साधारण अर्धा लिटर किंवा त्याहून थोडं जास्त रक्त पायांच्या आणि पोटाच्या शिरांत उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी, म्हणून दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी, म्हणून रक्तदाब घसरू लागतो. मानेतल्या कॅरोटिड सायनसच्या आणि महाधमनीच्या कमानीच्या भिंतींवरचा ताण उतरतो. तिथले बॅरोरिसेप्टर, म्हणजे दाब ओळखणारे चेतातंतूंचे शेवट, नवव्या आणि दहाव्या मस्तिष्क चेतांमधून मेड्युलाकडे (मेंदूच्या तळाच्या, मेरुरज्जूला जोडलेल्या भागाकडे) संदेश पाठवत असतात. ते संदेश आता विरळ होतात. मेड्युला व्हेगसचा (हृदय मंदावणाऱ्या पॅरासिम्पथेटिक चेतेचा) हृदयावरचा लगाम सैल सोडतो आणि स्वायत्त संस्थेच्या दुसऱ्या शाखेचा, सिम्पथेटिकचा, जोर वाढवतो. ठोके वाढतात, लहान धमन्या आकसतात, शिरा आवळल्या जातात. हे सगळं काही सेकंदांत होतं आणि उठणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. पत्ता लागतो तो हे नीट न झाल्यावर, डोळ्यांपुढे अंधारी आली की.

आता वहीत प्रश्न लिहा. मोजलं काय जातंय? मोजतंय कोण? बातमी जाते कुठे? हुकूम कोणाला सुटतो? हे चार पुस्तकातही असतात. पाचवा माझा: याला वेळ किती लागतो? तो विचारला की गोंधळ बराच कमी होतो. गुडघ्याचा झटका सेकंदाच्या छोट्याशा अंशात उरकतो. बॅरोरिसेप्टरची साखळी सेकंदांत चालते. मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून किंवा सोडून रक्तदाब सांभाळतात, त्याला तास, कधी दिवस लागतात. मग वर्षानुवर्षं वाढलेला रक्तदाब बॅरोरिसेप्टर खाली का आणत नाहीत? कारण चढलेल्या दाबालाच ते नेहमीचा समजू लागतात. त्यांचं काम क्षणोक्षणीची चढउतार आवरण्याचं, लांबचा हिशेब मूत्रपिंडांकडे.

सिम्पथेटिक म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर आणि पॅरासिम्पथेटिक म्हणजे ब्रेक, ही उपमा मला फारशी आवडत नाही. ती ऐकून मुलांना वाटतं, दोन्हींपैकी एका वेळी एकच चालू. हृदयाच्या एसए नोडला, म्हणजे ठोक्यांची लय ठरवणाऱ्या पेशींच्या पुंजक्याला, कोणत्याही चेतांशिवाय एकटं सोडलं तर तो मिनिटाला सुमारे १०० ठोके देतो. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी ७०च्या आसपास असते, याचा अर्थ व्हेगस अखंड काम करतोय. हलका व्यायाम सुरू करताच नाडी वाढते ती बरीचशी व्हेगस मागे सरल्यामुळे. शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेता उत्तेजित केली आणि त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला. तेही मंदावलं. चेता रसायनाच्या भाषेत बोलतात, याचा तो पुरावा होता. ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन.

ताप म्हणजे समतोल बिघडला, असं उत्तर व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) सर्रास येतं. खरं तर तापात हायपोथॅलॅमस, म्हणजे मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग, ठरलेलं तापमानच वर सरकवतो. मग ३७ अंश सेल्सिअसलाही शरीराला थंडी वाटते, हुडहुडी भरते, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात. यंत्रणा चोख चालू असते, तिचं लक्ष्य बदललेलं असतं. उष्माघातात मात्र लक्ष्य जागेवर असतं आणि यंत्रणा हात टेकते. म्हणून पॅरासिटामॉल तापावर चालतं, उष्माघातावर नाही.

तोल सांभाळण्याचा धडा स्वतःवरच करून बघा. पुस्तक स्थिर धरा आणि मान डावी-उजवी हलवत वाचा. जमतं. आता मान स्थिर ठेवून पुस्तक तेवढ्याच वेगाने हलवा. अक्षरं पुसट होतात. पहिल्या वेळी आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याची हालचाल ओळखतात आणि डोळे तितकेच उलट फिरवतात. दुसऱ्या वेळी सगळा भार नजरेवर पडतो आणि तो रस्ता कितीतरी हळू आहे. रॉम्बर्ग चाचणीतही गफलत ठरलेली. ती अनुमस्तिष्काची (मेंदूच्या मागच्या, हालचालींचा मेळ घालणाऱ्या भागाची) चाचणी नाही. पाय जुळवून डोळे मिटल्यावर माणूस डगमगला, तर सांधे-स्नायूंकडून किंवा कानातून येणारी खबर अपुरी आहे. अनुमस्तिष्क बिघडलं असेल तर डोळे उघडे असतानाही तोल जातो.

एवढं झाल्यावर आयनांकडे या. चेतापेशी आतून सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असते. सोडियम आत शिरलं की ती धन होते, पोटॅशियम बाहेर पडलं की पूर्ववत. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली स्क्विड या समुद्री जीवाच्या जाड अ‍ॅक्सॉनवर (चेतापेशीच्या लांब तंतूवर) हे मांडलं. पेशी पूर्ववत होते ती सोडियम-पोटॅशियम पंपामुळे, असं लिहू नका. पंप ३ सोडियम बाहेर टाकून २ पोटॅशियम आत घेतो तो लांबचा साठा राखण्यासाठी. पंप बंद पाडला तरी अ‍ॅक्सॉन काही काळ संदेश पाठवत राहतो. तंतूभोवतीच्या मायलिन या चरबीयुक्त आवरणाचा फायदा आकड्यांत बघा: जाड, मायलिन असलेला तंतू सेकंदाला १२० मीटरपर्यंत, मायलिन नसलेला बारीक तंतू जेमतेम अर्धा ते दोन मीटर. पायाला ठेच लागली की झणझणीत कळ आधी आणि रेंगाळणारा ठणका मागाहून येतो, तो तंतूंच्या वेगातल्या फरकामुळे.

मार्गांचं पाठांतर टळत नाही, पण सुरुवातीला तीन पुरेत. कंपन आणि सांध्यांच्या स्थितीची जाणीव मेरुरज्जूत त्याच बाजूने वर जाते आणि मेड्युलात बाजू बदलते. वेदना आणि तापमान मेरुरज्जूत शिरल्यावर लगेचच पलीकडे जातात. हालचालीचा हुकूम मेंदूकडून खाली येताना मेड्युलात ओलांडतो. आता छातीच्या पातळीवर मेरुरज्जूचा फक्त उजवा अर्धा भाग कापला गेला असं समजा आणि कोणत्या पायाचं काय जाईल ते लिहा. उजव्या पायाची ताकद आणि स्थितीची जाणीव, डाव्या पायाची वेदना आणि तापमान, असं उत्तर आकृती न बघता आलं की पुढचे मार्ग उघडा.