धूर कधी येतो, ते आधी विचारा

आयटीआयची मेकॅनिक मोटर व्हेईकलची दोन वर्षं संपवून मी चिपळूणला बहादूरशेख नाक्याजवळच्या गॅरेजात लागलो, तेव्हा आपल्याला इंजिन कळतं असा माझा समज होता. पहिल्याच महिन्यात एक पेट्रोल गाडी आली. आयडलिंगला खालून ठक ठक. मी लगेच जाहीर केलं, "बिगएंड बेअरिंग गेलंय. हाफ इंजिन करायला लागेल." म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग झिजलंय, इंजिन खोलायचं मोठं काम. गिऱ्हाइकाचा चेहरा पडला.

वस्ताद काही बोलले नाहीत. इंजिन चालू ठेवून त्यांनी एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढला आणि परत लावला. रॉडचं बेअरिंग वाजत असेल तर त्या सिलिंडरचं पेट्रोल तोडल्यावर ठोका मऊ पडतो, कारण वरून मारच बसत नाही. चारही झाले, आवाज होता तसाच. मग त्यांनी बेल्ट उतरवला आणि इंजिन जेमतेम चार-पाच सेकंद चालवलं. ठोका बदलला. क्रँक पुलीचं, म्हणजे तो बेल्ट फिरवणाऱ्या चाकाचं, रबर सुटलं होतं. नवी पुली बसवली आणि संध्याकाळी गाडी देवरुखला गेली. माझ्या सांगण्यावर काम झालं असतं, तर इंजिन विनाकारण टेबलावर आलं असतं.

तेव्हापासून मी पाना हातात घेण्याआधी विचारतो: कधी होतं? थंड असताना की तापल्यावर? चढाला की उताराला?

धुराचा रंग पुस्तकात असतोच. पांढरा म्हणजे पाणी, निळा म्हणजे ऑइल, काळा म्हणजे जास्तीचं इंधन. पण जुलैत सकाळी आमच्याकडे निम्म्या गाड्या पांढरा धूर सोडतात. ती सायलेन्सरमधली वाफ असते, गाडी तापली की थांबते. तापल्यावरही येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या हेडखाली पाणी आणि दाब अडवणाऱ्या पट्टीचा, संशय घ्या. थंड इंजिनचं कूलंटचं झाकण काढून गाडी चालू करा आणि बुडबुडे सतत येतात का बघा. गरम इंजिनला ते झाकण उघडू नका, माझ्या मनगटावर अजून डाग आहे. गॅस्केट बदलून थांबू नका, इंजिन तापलं कशानं तेही शोधा. गुहागर, दाभोळकडच्या गाड्यांचा रेडिएटर आधी बघा. खाऱ्या हवेनं जाळी अशी खाल्लेली असते की बोटानं चोळली तर पांढरी पूड हातात येते. त्यात कूलंटऐवजी वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी ओतलेलं असलं की आतूनही गंजच.

निळ्या धुराची परीक्षा आमच्या परशुराम घाटात होते. गाडी गिअरमध्ये ठेवून, एक्सलेटरवरचा पाय सोडून घाट उतरलात आणि खाली एक्सलेटर देताच मागे निळा भपका आला, तर पेट्रोल गाडीत बहुतेक वॉल्व्हवरून ऑइल आत जाऊ न देणारं सील गेलेलं. चढाला, लोडवर सतत निळा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. ऑइल भरायचं झाकण काढून बघा. तिथून भकाभका धूर मारत असेल तर सिलिंडरातला दाब रिंगांवरून खाली निसटतोय, त्याला आम्ही बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. डिझेलला टर्बोही विसरू नका. काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर झटका, हायवेच्या कामाची लाल माती अर्धा किलो पडेल.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. नंतर आलेल्या गाड्यांत दोन जाती होत्या, मालकानं स्टार्टर मारलेल्या आणि न मारलेल्या. सिलिंडरात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. न मारलेल्यांचे प्लग काढून आम्ही क्रँक पान्यानं हातानं फिरवायचो, भोकातून पिचकारी उडायची. खालचं ऑइल दुधाळ, थेट चहासारखं. ते बदलून त्यातल्या कितीतरी गाड्या सुधारल्या. मारलेल्यांपैकी काही सुरूही झाल्या आणि महिन्याभरानं ठकठकत परत आल्या.

गिअरबॉक्सला क्लच हीच चावी. न्यूट्रलला घूं घूं येतंय आणि क्लच दाबल्यावर थांबतंय, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दाबल्यावरच सुरू होतंय, तर क्लचचं रिलीज बेअरिंग. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट झाली तर गिअरबॉक्स उतरवू नका, ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट असतो.

स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, शिकाच. पी ०३०१ कोड आला की पहिला सिलिंडर मिस होतोय हे कळतं. पण झिजलेल्या बेअरिंगचा कोड तो सांगत नाही, त्याला इंजिनला टेकवलेला लांब स्क्रू ड्रायव्हर आणि त्याच्या मुठीला लावलेला कान लागतो.

आणि ट्रायलला गाडी गिऱ्हाइकालाच चालवू द्या, तुम्ही बाजूला बसा. गणपतीत मुंबईहून आलेल्या एका चाकरमान्याला आवाज येतो म्हणून गिअरबॉक्स उतरवायचा होता. दोन खड्ड्यांनंतर मी त्याला थांबवलं आणि डिकी उघडली. जॅक सुटा फिरत होता. फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. त्यानं मागच्या सीटवरच्या बायकोकडे बघत हळूच विचारलं, "मिस्त्री, गिअरबॉक्सचंच काहीतरी होतं असं सांगाल काय?"